आईचा टोप सुटला

फोंडा,
चवथीनंतरचा रविवार

प्रिय बाय,

तुझे दोन्ही फोन मी उचलले नाहीत. आई गेल्यापासून तुझा आवाज ऐकला की रडू फुटणार हे ठाऊक होतं. रागावू नकोस. गुडघा बरा आहे. आज लिहायला बसले, कारण काल माशेलच्या घरी जे झालं ते तुलाच कळेल.

आईचा खतखत्याचा स्टीलचा टोप आठवतो ना? बुडावर टिंबाटिंबांनी तिचं नाव आणि १९७९ घातलेला, ज्यातून तू तीन-तीनदा वाढून घ्यायचीस. चवथीची भांडी कढत पाण्याने घासून वहिनीने तो ओलाच मोठ्या जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, टोपात ठेवला. मधली गरम हवा रात्री निवून आकसली आणि टोप आत ओढला गेला. सकाळी हलेना. ओढला, फिरवला, मग दादा हातोडी घेऊन आला. नाहीच निघाला तर दोन्ही मोडीत घालू, म्हणाला. माझ्या पोटात खड्डा पडला.

आणि बाय, मला आपली आठवीची प्रयोगशाळा आठवली. तापलेला गोळा कड्यात अडकला, तेव्हा कडं तापवलं तर भोक आणखी लहान होईल म्हणून तू हटून बसलीस, माझ्याशी दोन दिवस अबोला धरलास. सरांनी कडं तापवलं आणि गोळा टपकन खाली पडला! भोकही कड्याबरोबर मोठं होतं, हे मी तेव्हाच सांगत होते.

दादाला थांबवलं. परातीत कढत पाणी ओतून त्यात जोडटोप ठेवला, आईच्या टोपात फ्रीजमधला सगळा बर्फ आणि पाणी. गॅसवर चढवू दिला नाही. मधे अडकलेल्या पाण्याची वाफ झाली असती तर अंगावर उडाली असती. नशीब, जर्मन बाहेर होतं. ते स्टीलपेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त फुगतं. उलट असतं तर नुसतं तापवून आणखी घट्ट बसलं असतं. तरी फुगून फुगून किती, एवढ्या टोपाला पन्नास अंशांत पाव मिलिमीटर! काठावरून खोबरेल सोडलं आणि वाट बघत बसले. तेल हळूहळू आत उतरलं, मग काठाशी एकच बुडबुडा आला. दोन्ही कान धरून जरा फिरवला, तर टोप माझ्या हातात. पुसताना नावावरून बोट फिरवलं, एकही टिंब चेपलेलं नव्हतं.

तुझ्या लेकीचं कॉलेज सुरू झालं का? भावोजींची बदली? तुझे काचेचे पेले असे अडकले तर उकळतं पाणी घालू नकोस हं, तडकतील. बाहेरून कोमट, आत साधं गार, बर्फ नको.

एक गोष्ट सलतेय. टोप मी पिशवीत घालून इथे आणला, वहिनीला न विचारता. ती चार वर्षं आईचं सगळं करत होती. हक्क तिचाही आहे. रात्री दोनदा उठून ओट्यावर बघून आले. परत नेऊन देऊ, की फोन करून मागून घेऊ? मागितला आणि ती नको म्हणाली तर? तू दोघींना ओळखतेस. फोन कर, या वेळी उचलते.

तुझीच,
बाय