चुन्याच्या डबीतली प्रयोगशाळा

महोदय,

'उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो' हे माझ्या सातवीतल्या नातीला तोंडपाठ होते, पण चुन्याची निवळी तिने कधी पाहिलीच नव्हती. शाळेच्या प्रयोगशाळेला कायम कुलूप! शेवटी मी खायचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवला आणि सकाळी वरचे नितळ पाणी, म्हणजेच निवळी, पेल्यात घेतले. नळीने फक्त फुंकायचे, ओढायचे नाही, हे बजावले. बघता बघता पाणी दुधाळ झाले. "आजी, हे माझ्या श्वासामुळे?" ती ओरडलीच. हो, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि चुना यांतून तयार झालेली ती कॅल्शिअम कार्बोनेटची, म्हणजे चुनखडीची पांढरी भुकटी! शाळांनी हा प्रयोग प्रत्येक मुलाच्या हातून करून घ्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा