पिल्लू घेताना नवतपा आठवा

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत फ्लॅटमध्ये पाळायच्या छोट्या कुत्र्यांवर सचित्र लेख आला होता. पग, शिह त्झू, पॉमेरेनियन, डॅशहंड. चार गोंडस फोटो, प्रत्येकाखाली चार ओळी आणि सगळ्यांचा सूर एकच, कुत्रं लहान म्हणजे व्याप लहान. माझ्या आठवीतल्या नातीनं तो लेख कापून माझ्या फ्रिजवर लावला, पगच्या तोंडाभोवती लाल पेनानं बदाम काढला आणि खाली लिहिलं, ‘आजी, हाच!’ माझ्या फ्रिजवर एवढ्यासाठी की मुलगी आणि जावई सकाळी नऊला जातात ते सातला येतात, त्यामुळे कुत्रं राहणार माझ्याकडेच. नातीला तोंडी सांगून झालं, पटलं नाही. म्हणून तुम्हाला लिहिते.

आमच्याकडे पग होता. २००३ साली हच मोबाइलची ती जाहिरात आली, लहान मुलामागे दुडुदुडु चालणारं कुत्रं, आणि बघता बघता नागपुरात धंतोलीपासून मानेवाड्यापर्यंत गल्लोगल्ली पग दिसू लागले. आम्हाला उशिरा हौस आली, २०११ मध्ये. भोलू नाव ठेवलं. दिवसभर बंगईखाली पडून घोरायचा आणि आमचे हे पाहुण्यांना सांगायचे, ‘हळू बोला, साहेब झोपलेत.’ सगळे हसायचे. ते घोरणं म्हणजे श्वासाची ओढाताण होती, हे कळायला आम्हाला चार वर्षं लागली.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकायच्या, ओल्या जिभेवरून आणि नाकातून वारा खेळवायचा, हाच त्याचा कूलर. पगचं तोंड माणसानं आपल्या हौसेपायी पिढ्यान्‌पिढ्या चपटं करत आणलं. हाड आखडलं, पण आतलं मांस त्या मानानं आखडलं नाही. टाळूचा मऊ भाग घशात लोंबतो आणि नाकपुड्या तर फटीएवढ्या. म्हणजे घरात कूलर आहे, पण खिडकी बंद. नागपुरात राहणाऱ्याला याहून जास्त फोड करून सांगायला नको.

२०१५ चा मे, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. दुपारी अडीचला वीज गेली. मी ऑफिसात, घरी हे एकटे. भोलूची जीभ जांभळी पडायला लागली तसं यांनी घाबरून बाथरूममधला मोठा टॉवेल भिजवला आणि त्याला नखशिखांत गुंडाळलं. डॉक्टरांकडे नेईपर्यंत फार उशीर झाला होता. तिथं कळलं की गुंडाळलेला ओला टॉवेल अंगाच्या उष्णतेनं लगेच तापतो आणि आतली गर्मी आतच कोंडतो. अंगावर साधं गार पाणी ओतत राहायचं, वरून वारा घालायचा आणि तसंच भिजलेलं घेऊन दवाखान्याकडे निघायचं. हे कुणी आधी सांगितलं असतं तर भोलू वाचलाच असता, असं मी म्हणणार नाही. पण यांनी तो टॉवेल पुन्हा कधी वापरला नाही, आणि फेकलाही नाही.

माझा पुतण्या आइंडहोव्हनला असतो. तो सांगतो, नेदरलँड्समध्ये कुत्र्याच्या नाकाची लांबी मोजतात आणि ती ठरावीक प्रमाणाहून आखूड भरली तर त्याची पैदास करायला बंदी आहे. तिथं जून महिन्यातही स्वेटर बाहेर काढावा लागतो, तरी हा नियम. आणि आपल्या पुरवणीत पगखाली लिहिलंय, ‘सुस्त स्वभाव, व्यायामाची फारशी गरज नाही’. सुस्त नाही हो तो, त्याला दम पुरत नाही.

शिह त्झूचं नाकही आखूडच. त्यात केस असे की रोज विंचरले नाहीत तर आठवड्यात जटा होतात. ज्यांना स्वतःच्या वेणीला वेळ नाही त्यांनी त्या वाटेला जाऊ नये, एवढंच म्हणते.

डॅशहंडचं मला खरंच वाईट वाटतं, कारण कुत्रं म्हणून तो या चौघांत सगळ्यात हुशार. जर्मनीत बॅजर नावाच्या जनावराच्या बिळात शिरायला तयार केलेली ही जात, म्हणून पाय आखूड आणि पाठ लांब. माझी धाकटी बहीण ठाण्याला तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. तिचा डॅशहंड दिवसातून तीनदा जिने चढ-उतर करायचा आणि उरलेल्या वेळात सोफ्यावरून उड्या मारायचा. सहाव्या वर्षी एका सकाळी त्याचे मागचे पाय उचलेचनात. मणक्यातली गादी सरकली होती. ऑपरेशन झालं, चालायला लागला, पण त्यानंतर त्याला पोत्यासारखा उचलून जिना चढायची पाळी माझ्या मेव्हण्यावर आली आणि आता मेव्हण्याची कंबर गेली आहे. अंगणवाल्या, तळमजल्याच्या घरात, वजन आटोक्यात ठेवून हे कुत्रं मजेत राहतं. फक्त मोगऱ्याचं आळं उकरलं म्हणून रागवायचं नाही. लेखात ‘फ्लॅटसाठी उत्तम’ असं छापलंय. कुठल्या मजल्यावरच्या, तेवढं विचारून घ्या.

राहिला पॉमेरेनियन. आपल्याकडे ज्याला सगळे ‘पॉम’ म्हणतात ते बहुधा इंडियन स्पिट्झ असतं, खऱ्या पॉमेरेनियनहून थोराड आणि लांब तोंडाचं. लग्नाआधी माहेरी, नागपूरच्या महाल भागात, आमच्याकडे एक पांढरं स्पिट्झ होतं. ते दूध-पोळीवर तेरा वर्षं जगलं. आज कुणी मला दूध-पोळीवर कुत्रं पाळताना दिसलं तर मी ओरडेन, ती गोष्ट वेगळी. स्पिट्झचे दात लवकर खराब होतात, पट्टा ओढला की खोकला लागतो म्हणून गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा घ्यावा लागतो. उन्हाळा आला की लोक त्याला भादरून आणतात, ते मुळीच करू नये. त्या दुहेरी केसांनीच ऊन अडतं. शिवाय ते भुंकतं. मी ३४ वर्षं टपाल खात्यात काढली, पोस्टमनांच्या पोटऱ्या पाहिल्या आहेत. अल्सेशियन चावल्याची एकच केस आठवते, बाकी सगळी या पांढऱ्या फुलांची करामत. तरीही या चौघांत विदर्भाच्या उन्हात त्यातल्या त्यात तगणारं कोण म्हणाल तर हेच. कारण नाक आहे!

आता आपल्या छोट्या जाहिरातींबद्दल. त्याच रविवारच्या अंकात मी तीन जाहिराती वाचल्या. एकीत ‘टीकप पॉम’. टीकप नावाची जात कुठल्याही मान्यताप्राप्त केनेल क्लबच्या यादीत नाही. मुद्दाम खुरटवलेल्या अशक्त पिल्लाला दिलेलं ते गोड नाव आहे. दुसरीत ‘पग, ४० दिवसांचे, त्वरित विकणे’. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. पोस्टात बेरजा करूनच निवृत्त झाले, एवढा हिशेब येतो. नोंदणी क्रमांक तिन्हींपैकी एकीतही नव्हता. जाहिरात घेताना काउंटरवर दोनच प्रश्न विचारा, पिल्लू किती दिवसांचं आणि नोंदणी क्रमांक काय. मनीऑर्डरच्या फॉर्मवर आम्ही याहून जास्त विचारत होतो. आणि पुढचा लेख छापण्याआधी आपल्या प्रतिनिधीला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक महाविद्यालयात एखाद्या मे महिन्यातल्या दुपारी जरूर पाठवा.

आमच्या घरचं काय ठरलं ते सांगते. मी ६६ वर्षांची आहे. छोटी कुत्री बारा-चौदा वर्षं सहज जगतात. म्हणजे आज पिल्लू आणलं तर माझ्या ऐंशीत मी त्याला धरून चालेन की ते मला, हा प्रश्न लेखात कुणी विचारलेला नाही. माझ्याबरोबर काउंटरवर बसणारी मैत्रीण मुलाकडे बंगळुरूला कायमची निघाली होती आणि तिच्या आठ वर्षांच्या स्पिट्झला सोबत न्यायची सोय होईना. मी म्हटलं, आण इकडे. त्या कुत्रीचं आणि माझं गणित साधारण सारखंच आहे. दातांवर किटण होतं, ते साफ करून घेतलं. इंजेक्शनांचं कार्ड मैत्रिणीनं आरडी पासबुकासारखं जपलेलं होतं.

नात आली, बघून म्हणाली, ‘आजी, हे तर म्हातारं आहे.’ मी म्हटलं, मीपण. तिनं थोडा वेळ तोंड पाडलं. मग ब्रश घेऊन बसली तिच्याजवळ.

नाव चिंगी. येऊन तीन आठवडे झाले. दुपारभर कूलरसमोरच्या फरशीवर पसरलेली असते, पोस्टमन आला की मात्र उठते. तुमचा लेख अजून फ्रिजवरच आहे, बदामही पगभोवतीच आहे.

आपली,
एक निवृत्त टपाल कर्मचारी,
प्रतापनगर, नागपूर