तापकीर गल्लीतल्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

त्या संध्याकाळी बुधवार पेठेत चार दुकानं फिरून मी तुमच्याकडे आले होते. पिशवीत आमच्या अभ्यासिकेचा राउटर. चारही ठिकाणी एकच उत्तर मिळालं होतं : डेड आहे, नवीन घ्या. स्पर्धा परीक्षेची ४० मुलं त्या एका राउटरवर अभ्यास करतात, आणि अभ्यासिका चालते त्यांच्याच वर्गणीवर.

चूक माझीच होती. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटर चालवणारी मुक्त प्रणाली) होतं, त्याची नवी आवृत्ती टाकायला बसले. 'ही फाइल या उपकरणाची नाही' असा इशारा आला, तरी मी फोर्सच्या चौकोनात टिक केली. मॉडेलचं नाव तेच होतं ना! पण तळाच्या स्टिकरवर हार्डवेअरची आवृत्ती होती व्ही३, आणि फाइल व्ही२ची.

तुम्ही रागावला नाहीत. झाकण उघडून बोर्डावरच्या चार पिना दाखवल्यात आणि मल्टिमीटर माझ्याच हातात दिलात. ग्राउंडची (शून्य व्होल्टची) पिन मी शोधली. यूएसबी-टीटीएलचा, म्हणजे कॉम्प्युटर या पिनांना जोडणाऱ्या वायरीचा, व्होल्टेज ठरवणारा जंपर ३.३ व्होल्टवर आहे ना, हे दोनदा बघायला लावलंत, कारण ५ व्होल्ट गेले तर चिप जळू शकते. वायरी तीनच : ग्राउंडला ग्राउंड, टीएक्सला (पाठवणारी) आरएक्स (घेणारी), आरएक्सला टीएक्स. चौथी मोकळी, राउटरला त्याचा स्वतःचा अडॅप्टर आहे. स्पीड १,१५,२०० ठेवला आणि काळ्या स्क्रीनवर अक्षरं धावू लागली. "बूटलोडर जिवंत आहे, पोरी," तुम्ही म्हणालात, म्हणजे राउटर सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम शाबूत होता, आणि माझे डोळे भरून आले. पुढे टीएफटीपीनं (नेटवर्कवरून फाइल पाठवायची साधी पद्धत) योग्य फाइल चढली.

दुकान बंद करायची वेळ टळून गेली होती, तरी तुम्ही थांबलात. वायफायचं कॅलिब्रेशन (रेडिओच्या जुळणीची माहिती) राउटरच्या फ्लॅश मेमरीच्या एका छोट्या भागात असतं, कारखान्यात प्रत्येक नगासाठी वेगळं लिहिलेलं. ते पुसलं गेलं तर इंटरनेटवर कुठेही मिळत नाही. आमचं वाचलं होतं. त्याची प्रत तिथल्या तिथे पेनड्राइव्हवर घ्यायला लावलीत. हे मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं.

काल दुसऱ्या राउटरचं अपडेट मी एकटीनं केलं. आधी स्टिकर वाचला. फाइलचा एसएचए-२५६ (फाइल तंतोतंत तीच आहे ना, हे पडताळायचा लांबलचक कोड) तुम्ही सांगितल्याप्रमाणे पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत जुळवला, नुसती टोकं बघून सोडला नाही. वायफाय बंद, लॅनची केबल लावलेली, राउटर यूपीएसवर. गुरुवार मुद्दाम टाळला. आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते ती गुरुवारीच. दिवे लुकलुकत होते तेव्हा हात मांडीवर ठेवून बसले, कशालाही हात लावला नाही. काही मिनिटांत लॉगिनचं पान उघडलं.

त्या दिवशी तुम्ही १५० रुपयांवर एक पैसा घेतला नाहीत, आणि तुमची ती यूएसबी-टीटीएलची वायर सरावासाठी माझ्याकडे दिलीत. शुक्रवारी ती परत घेऊन येते. अभ्यासिकेतल्या दोन मुलींना ग्राउंड शोधायला शिकायचंय, त्यांनाही सोबत आणते.

आपली,
सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेची ताई