कमलाबाईंच्या बटाट्याला एकच ओळ?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला जीवरसायनशास्त्रज्ञ कमलाबाई सोहोनींवरचा लेख वाचला. कालच लिहिणार होते, म्हटलं राग थोडा उतरू दे, तर तो काही उतरला नाही. लेख मनापासून लिहिलाय हे कबूल, पण अर्धा लेख सी. व्ही. रामनसाहेबांनी बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत प्रवेश कसा नाकारला यावर (तो किस्सा आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे), पाव लेख लेखिका दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण म्हणून, आणि उरलेल्यात काय तर संसार सांभाळून संशोधन, आदर्श पत्नी, प्रेमळ आई. फोटोही मिस्टरांबरोबरचा. अहो पण बाई प्रयोगशाळेत करत काय होत्या? केंब्रिजला बटाट्यावर काम करता करता वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी (पेशींच्या श्वसनाला लागणारं प्रथिन) असतं हे दाखवलं, चौदा महिन्यांत चाळीस पानांचा प्रबंध लिहून १९३९ साली पीएचडी घेऊन परत, त्याला तुमच्याकडे एक ओळ. कुपोषित मुलांना आणि गरोदर बायकांना नीरेचा किती उपयोग होतो यावर पुढे जे काम केलं, ज्याला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, त्याला अर्धी. आणि 'विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय महिला' हेही जरा जपून छापा, वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल १९३१ मध्येच मिशिगनहून डॉक्टरेट घेऊन मोकळ्या झाल्या होत्या.

मला एवढं का लागलं ते सांगते. माझी आई सरकारी लॅबमध्ये होती, अन्नातली भेसळ तपासायची, सगळी नोकरी तिथेच झाली. ती गेली तेव्हा एका पेपरात (तुमच्या नाही, घाबरू नका) श्रद्धांजलीची जाहिरात द्यायला मी आणि बाबा गेलो. फोटो बाबांनीच निवडलेला, पांढऱ्या अ‍ॅप्रनमधली आई आणि मागे ब्युरेटची रांग. काउंटरवरचा मुलगा म्हणतो, मॅडम, साडीतला नाही का एखादा, यात त्या नर्स वाटतायत. मजकूर तर त्याच्याकडे तयारच होता, प्रेमळ, मनमिळाऊ, धार्मिक वृत्तीच्या. धार्मिक! संकष्टीला मिसळ खाणारी बाई ती. लॅबचं एक वाक्य घाला म्हटलं तर म्हणे ओळी वाढतील, चार्ज वाढेल. बाबा म्हणाले वाढू दे. पैसे भरले, पावती घेतली, आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर फोटो हनुवटीपर्यंत कापलेला, ब्युरेट गायब, लॅबचं वाक्यही गायब, मनमिळाऊ मात्र जागच्या जागी. फोन केला तर जागेअभावी म्हणे. जागेअभावी! वाढीव ओळींचे पैसे घेतल्यावर! बाबा घरातल्या सगळ्यांची कात्रणं फाइलला लावून ठेवतात, ते मात्र त्यांनी ठेवलं नाही.

प्रेमळ होती हो ती, कोण नाही म्हणतंय. पण तिचं प्रेम म्हणजे बाहेरचा खवा घरात आला की आधी आयोडीनचा थेंब, निळा पडला की स्टार्च घातलाय, मग तो खवा परत दुकानात आणि दुकानदाराची शिकवणी. हळदीवर अ‍ॅसिडचा थेंब टाकून ती गुलाबी होते का ते बघणं हा आमच्याकडे सुट्टीतला खेळ होता, पाणी घातल्यावरही गुलाबीच राहिली तर मेटॅनिल यलो हा खाण्यात बंदी असलेला रंग, म्हणजे भेसळ. मावसबहिणीच्या साखरपुड्यात तिने पाहुण्यांसमोर पेढ्यावर आयोडीन टाकलं आणि पेढा शाईसारखा निळा झाला, मावशी पुढे बरीच वर्षं धड बोलत नव्हती. पर्समध्ये बाटली ठेवली कोणी? बाबांनी. आता सांगा, यातली पत्नी कुठली, आई कुठली आणि शास्त्रज्ञ कुठली, वेगळी काढून दाखवा.

कमलाबाईही पुढे ग्राहक चळवळीत होत्या, 'कीमत' मासिकात लिहायच्या. आईला त्यांचं फार कौतुक होतं. तुमच्या लेखात त्याचा पत्ताच नाही, आणि वाचकाच्या रोजच्या स्वयंपाकघराशी संबंध असलेलं तेवढंच तर होतं!

माझी आई, आई म्हणून कशी होती हे आम्हाला घरात ठाऊक आहे, त्यासाठी पेपर विकत घ्यावा लागत नाही. लॅबमध्ये काय केलं ते आमच्या बिल्डिंगमध्येसुद्धा कुणाला माहीत नव्हतं, छापायचं तर ते छापा ना. रामनांवर लेख येतो तेव्हा ते लोकसुंदरीबाईंना पोळ्या लाटायला मदत करायचे का, मुलांना गोष्टी सांगायचे का, असं कोणी विचारतं का? नाही. तिथे थेट प्रकाशाचं विकिरण.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या रविवारी निदान एक चौकट टाका, बटाटा आणि नीरा यावर, समजेल अशा भाषेत, आणि फोटो प्रयोगशाळेतला मिळाला तर तोच, न कापता. जागा नाही म्हणू नका, पहिल्या पानाआधी बिल्डरच्या जाहिरातीची पानंच्या पानं असतात, बातम्या सुरू होईपर्यंत चहा थंड होतो.

कळावे,
एक वाचक, डोंबिवली

ता.क. गेल्या शनिवारच्या शब्दकोड्याची उत्तरं तुम्ही अजून छापलेली नाहीत. आडवे १४ तुमच्या ऑफिसात तरी कुणाला येतंय का?