आप्पा, एवढी किंमत कशाची

पेनसिल्व्हेनिया, रविवार

तीर्थरूप आप्पांस साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "लहान विमानाचं चार सिलिंडरचं, कार्बोरेटरचं इंजिन, आणि किंमत घर येईल एवढी?" तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही.

आमच्या कारखान्यात जास्त करून लायकमिंग कंपनीचं ओ-३६० इंजिन येतं. ५.९ लिटर आणि ताकद १८० हॉर्सपॉवर. एवढी ताकद मोटारीचं दोन लिटरचं इंजिनही देतं, पण मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर. इथे विमानाचा पंखा थेट क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनच्या फिरत्या मुख्य दांड्यावर बसतो. तो २७०० च्या फार वर नेला तर पात्यांची टोकं आवाजाच्या वेगाजवळ जातात. ओढ घटते, गोंगाट वाढतो. म्हणून इंजिन मोठं आणि संथ. ऑस्ट्रियाचं रोटॅक्स ९१२ हे इंजिन जोरात फिरतं, आणि गिअर घालून पंखा संथ ठेवत छान चालतं, पण गिअर म्हणजे सांभाळायची आणखी एक वस्तू. ओ-३६० मध्ये प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, आणि ठिणगीसाठी स्वतःच वीज तयार करणारे मॅग्नेटोही दोन. बॅटरी मेली तरी ठिणगी पडत राहते. लोक याला जुनाट म्हणतात, मला ते पटत नाही.

सिलिंडर तर बघण्यासारखा. हेडकडच्या टोकाला तो किंचित अरुंद घासलेला असतो. तिकडे उष्णता जास्त, ते टोक जास्त फुगतं, आणि चालत्या इंजिनात भोक सरळ होतं!

नवीन इंजिन चाळीस हजार डॉलरच्या पुढेच. धातूचे पैसे त्यात थोडे. १९७८ साली अमेरिकेत सतरा हजारांवर लहान विमानं बनली, १९९४ साली हजारसुद्धा नाहीत. साचे, तपासण्या, प्रत्येक पार्टचे कागद, अपघाताच्या दाव्यांचा विमा, सगळं मोजक्या नगांवर बसतं.

गेल्या आठवड्यात एक इंजिन उघडलं. विमान दोन हिवाळे जागेवर उभं होतं. या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, क्रँकशाफ्टच्या वर. बंद असताना तेल निथळून जातं, दमट हवेनं गंज धरतो. कॅम डोळ्यांना चकचकीत दिसत होता. मी सवयीनं नख फिरवलं आणि एका फुगवट्यावर ते अडकलं. भिंगाखाली बघितलं तर सुईच्या टोकाएवढे खड्डे, त्याला टेकून वरखाली होणाऱ्या समोरच्या टॅपेटवरही तेच. मागाच्या धोट्यावर नख फिरवून खरखर शोधायला तुम्हीच शिकवलंत, आप्पा. इथे नुसता कॅम निघत नाही, इंजिनचं अख्खं कवच उघडावं लागतं. मालक निवृत्त शिक्षक. खर्चाचा आकडा ऐकून ते बराच वेळ बाकावर बसून राहिले. त्यांचं इंजिन चालून नव्हे, उभं राहून खराब झालं, याचं मला फार वाईट वाटलं.

आईला सांगा, शेंगाचटणी पोहोचली. गड्ड्याच्या जत्रेला यायचं जमवतोय. तोवर मागच्या शेडमधले ते दोन बंद माग आठवड्यातून एकदा हातानं फिरवा, आणि टॅपेटला तेल घाला.

तुमचा,
बाळू