मत्स्य आधी

वेंगुर्ले,
नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी

प्रिय बाळ्या,

पाकीट फाडलंस ना? फाडणारच तू. पण तुकडे टाकू नकोस, आधी हे वाच.

जूनमध्ये पंचवीस पाकिटांचा गठ्ठा आणला होता. श्रावणात कपाट उघडलं तर सगळी आपोआप चिकटून बसलेली! झाकणाला आधीच गोंद लावलेला, त्यात आपली हवा. एकही उघडेना. मग म्हटलं, आपणच करू. गोंद लावायचा तो पत्र आत घातल्यावरच.

कागद म्हणजे गेल्या वर्षीचं कॅलेंडर. आतल्या बाजूला बघ, आईच्या अक्षरात दुधाचे खाडे आहेत. ‘१४ ला खाडा, १५ ला अर्धा लिटर.’ पानं गेलेली कळली तेव्हा ती जी ओरडली! ‘मेल्या, माजो दुदाचो हिशोब खंय गेलो?’ दूधवाल्याचे पैसे डिसेंबरातच चुकते झालेत, पण तिला ते कोण सांगणार.

माप मात्र मी नेमकं काढलंय. पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटीमीटर असतं. त्याला २१ सेंटीमीटरचा चौरस बरोब्बर लागतो. चौरस कोपऱ्यावर उभा धरायचा, कार्ड मधोमध आडवं ठेवायचं, डावा-उजवा कोपरा आत घ्यायचा. ते मध्ये जेमतेम अर्धा-पाऊण सेंटीमीटर एकमेकांवर चढतात. मग खालचा वर. त्याचं टोक किंचित वर डोकावतं, ते कातरायचं. कार्डाच्या भोवती थोडी जागा सोड, नाहीतर आत घालताना पाकीट कडेला उसवतं. घडी बोटाने नको, करवंटीच्या गुळगुळीत तुकड्याने दाब. नखाने दाबलेली घडी फुगीरच राहते. (तू दातांनी दाबशील, म्हणून सांगतोय.)

खळ मैद्याची. चमचाभर मैदा थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, मंद आचेवर ढवळत राहायचं, चकाकी आली की उतरवायची. पातळ थर लाव; जास्त झाली की कागद सुरकुततो आणि या दिवसांत वाळतही नाही. मी रात्रभर पाट्याखाली ठेवतो. खळ टिकावी म्हणून पुस्तकं बांधणारे तीत मोरचूद (ते निळं, विषारी) घालतात, पण आईच्या टोपात मोरचूद घालण्याची माझी छाती नाही. लागेल तेवढीच करतो.

पहिल्या पाकिटावर पत्ता थेट लिहिला तर कॅलेंडरच्या तारखांत पिनकोडच हरवला. पोस्टातल्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि पाकीट परत सरकवलं. म्हणून ही पांढरी पट्टी. वजन 20 ग्रॅमच्या आत, म्हणजे पाच रुपयांच्या तिकिटात काम.

आता त्या झाकणावरच्या गोल चकतीबद्दल. ती तरी फाडली नसशील अशी आशा आहे. सावंतवाडीच्या राजवाड्यात आपण गंजिफा बघितला होता, आठवतं? गोल पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी 12, म्हणजे 120. तुला मासा आवडला होता. कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदावर हळद बसत नाही, म्हणून चकती ड्रॉइंगच्या कागदाची. हळदीच्या पाण्याचा हात दिला, वाळू दिला, मग पानाच्या चुन्यात काडी बुडवून मासा काढला. काडी टेकली रे टेकली की पिवळ्यावर लाल रेघ उमटते. कुंकू करायचे ते याच मेळाने. पहिले तीन मासे बोंबलासारखे झाले, हा चौथा. उन्हात ठेवू नकोस, हळद उडते.

पुढचा कूर्म आहे. सरावाला काढला, आई म्हणाली भाकरी बरी काढलीस. तुझं उत्तर आलं की तो पाठवतो. आणि उत्तर पाकिटातून हवं, फोनवरून नको.

तुझा,
गजा