बाबा, खोक्यावरचे ल्युमेन बघा

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा फोनवर म्हणाले, "सगळ्यात कमी वॉटचे एलईडी बल्ब आणतो, बिल कमी येईल." तेव्हा बोलणं अर्धवट राहिलं. पण विषय तुमच्या डोळ्यांचा आहे, म्हणून नीट लिहून कळवते.

वॉटवरून बल्ब वीज किती खातो ते कळतं. उजेड किती देतो ते ल्युमेनवरून कळतं. जुने तारेचे बल्ब सगळे एकाच जातीचे होते, त्यामुळे वॉट जास्त तर उजेड जास्त हा हिशेब तेव्हा बरोबर होता. एलईडीत तो चालत नाही. जुना ६० वॉटचा बल्ब साधारण ८०० ल्युमेन द्यायचा, ४० चा ४५० आणि १०० चा १६०० च्या आसपास. बाबा, हे तीन आकडे एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा.

दुकानात उभं राहून एकच भागाकार करायचा, ल्युमेन भागिले वॉट. ९ वॉटचा एक बल्ब ७२० ल्युमेनचा असेल तर वॉटमागे ८० पडले. दुसरा ९ वॉटचाच, पण ९०० ल्युमेनचा असेल तर १००. बिल दोघांचं सारखंच येणार, उजेड मात्र दुसऱ्याचा पाव पटीने जास्त. तारेचा बल्ब वॉटमागे जेमतेम ११ ते १६ ल्युमेन द्यायचा. स्वस्त बल्बच्या खोक्यावर "६० वॉटच्या बल्बइतका प्रकाश" असं मोठ्या अक्षरात असतं आणि बारीक अक्षरात ५५० ल्युमेन. तो ६० च्या बरोबरीचा नाही. ल्युमेन छापलेलेच नसतील, तर तो बल्ब कितीही स्वस्त असला तरी ठेवून द्या.

आता बचतीचं. रोज सहा तास लावला तर ६० वॉटचा जुना बल्ब वर्षाला सुमारे १३१ युनिट खातो, ९ वॉटचा एलईडी सुमारे २०. खरी बचत इथेच झाली. पुढे ९ चा ७ केला तर वर्षाला चार-साडेचार युनिट वाचतील, आणि त्यासाठी तुम्ही रोज संध्याकाळी डोळे ताणणार. हे मला अजिबात पटत नाही. वयानुसार बाहुली लहान होते, डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं. विशीत डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो, त्याच्या एक तृतीयांशच साठीत पोचतो. तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त उजेड लागतो, आणि तो तुम्ही घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

जास्त म्हणजे डोळ्यांवर येणारा झगझगीत मात्र नव्हे, त्याचा त्रासही वयाबरोबर वाढतो. दुधी आवरणाचा बल्ब घ्या, आणि वाचायला छताच्या दिव्यावर विसंबण्यापेक्षा शेड असलेला टेबललॅम्प पुस्तकाजवळ आणा. बल्ब निम्म्या अंतरावर आणला की पानावर पडणारा त्याचा उजेड जवळजवळ चौपट होतो, तोही एक वॉट न वाढवता.

आई, तू पांढराशुभ्र बल्ब जास्त उजळ म्हणतेस. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा प्रकाश डोळ्यांना तसा वाटतो खरा, पण ल्युमेन तेवढेच असू शकतात. तुलना करायची तर दोन्ही बल्ब एकाच रंगाचे घ्यायचे, एकाच होल्डरमध्ये आळीपाळीने लावायचे आणि अर्धा तास जळू द्यायचे, कारण एलईडी तापला की उजेड थोडा उतरतो. मग तुझ्या नेहमीच्या खुर्चीत बसून औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचून बघ. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ८० च्या वर बघ, मिळाला तर ९० चा घे. तो कमी असला की लाल-तपकिरी रंग मळकट दिसतात आणि गोळ्या ओळखताना घोळ होतो.

पेटलेल्या बल्बसमोर पेन्सिल भरभर हलवून बघा. तिच्या तुटक-तुटक प्रतिमा दिसल्या तर बल्ब लुकलुकतोय. डोकं दुखायला तेवढं पुरतं, असा बल्ब परत करा.

खोक्यावरच्या २५,००० तासांवर फार जाऊ नका. ते तास साधारण उजेड ७० टक्क्यांवर उतरेपर्यंतचे असतात, आणि स्वस्त बल्बमध्ये त्याआधी आतलं सर्किटच उष्णतेने जातं. म्हणून बंद काचेच्या गोळ्यात स्वस्त बल्ब लावू नका. वॉरंटी किती वर्षांची ते विचारा आणि पावती खोक्यातच ठेवा.

आधी एकच बल्ब आणा आणि खोक्याचा फोटो पाठवा, ल्युमेन आणि वॉट दोन्ही दिसतील असा. बाकीचे त्यानंतर ठरवू. आणि बाबा, स्टुलावर तुम्ही चढायचं नाही. मी आले की लावेन.

तुमची लाडकी लेक